हिमबिबट्याच्या मुलखात: हेमिस राष्ट्रीय उद्यान हिवाळ्यात कसं पाहावं

हेमिसमध्ये जिप्सी नाही. ताडोबासारखी सकाळ-दुपारची फेरी नाही, पाणवठ्याशी गाडी लावून बसणं नाही, 'कालच तीन नंबर गेटला दिसला' अशी बातमी नाही. इथं माणूस चालतो, थांबतो, स्कोपला (तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीला) डोळा लावून समोरचा डोंगर इंच इंच तपासतो, आणि दिवसातले बहुतेक तास काहीच घडत नाही. हे मान्य असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे, कारण खर्च, थंडी आणि विरळ हवा या तिन्ही गोष्टी इथं वसूल होतात त्या सबुरीच्या जोरावर.

हिमबिबट्या पाहायचा असेल तर आधी भरल, म्हणजे इथल्या राखाडी जंगली मेंढ्या, पाहायला शिका. बिबट्या स्वतः होऊन दिसत नाही. त्याची खबर भरल देतात, डोमकावळे देतात, गिधाडं देतात. सहलीची सगळी आखणी, म्हणजे कधी जायचं, कुठं राहायचं, कोणाला सोबत घ्यायचं, किती दिवस काढायचे, ही खबर ऐकू येईल अशा बेतानं करायची असते.

आधी नकाशा

हेमिस राष्ट्रीय उद्यान लडाखमध्ये, लेहच्या दक्षिणेला सिंधू नदीपलीकडे आहे. १९८१ साली ते स्थापन झालं, पुढं वाढवत नेलं, आणि आज त्याचं क्षेत्र सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आहे. भारतातलं हे सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. हिमालयाची मुख्य रांग मोसमी ढग अडवते, त्यामुळे लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळतो. लोणावळ्यात जुलैतल्या एखाद्या दिवशी याहून जास्त पडतो. म्हणून इथं जंगल नाही. उघडे, तपकिरी, जांभळट डोंगर, ओढ्याकाठी विलो आणि सीबकथॉर्नची काटेरी झुडपं, बाकी दगड. प्राणी लपायला झाड नसलं तरी दगडच इतके आहेत की तेवढी सोय पुरते.

एक घोटाळा इथंच मिटवून टाकू. उद्यानाला नाव मिळालं ते प्रसिद्ध हेमिस गोंपावरून, म्हणजे बौद्ध मठावरून. हा गोंपा लेहपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि तिथली त्सेचूची जत्रा उन्हाळ्यात भरते. तो अवश्य पाहा, पण बिबट्यासाठी तिथं मुक्काम करू नका. हिवाळ्यात प्राणी पाहणारे लोक जातात ते झिंगचेन, रुंबक आणि युरुत्से या बाजूला. लेहहून स्पितुकमार्गे सिंधू ओलांडून झिंगचेनच्या घळीत शिरायचं, आणि घळीतून वर गेलं की रुंबक.

उद्यानात गावं आहेत, शेतं आहेत, याक-मेंढ्या आहेत. इथल्या जुन्या वस्त्या हलवून हे उद्यान झालेलं नाही. हे लक्षात असलं की गावातलं आपलं वागणं आपोआप नीट होतं.

कधी जायचं

जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. या काळात उंचावरचा चारा बर्फाखाली जातो, भरल खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्या मागे हिमबिबट्या. शिवाय हा बिबट्यांचा जोडीचा हंगाम. ते जास्त फिरतात, खडकांवर गंधाच्या खुणा करतात, संध्याकाळी-रात्री त्यांची साद ऐकू येऊ शकते. हिमबिबट्या वाघासारखी डरकाळी फोडत नाही. ती साद लांबट, किंचाळल्यासारखी असते, आणि घळीत घुमली की अंगावर काटा येतो.

जानेवारीत लेहमध्ये रात्री पारा उणे १५च्या आसपास असतो, रुंबकला उणे २० आणि त्याखालीही जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य धरावा असं माझं मत आहे. थंडी किंचित सुसह्य होते, दिवस मोठा होतो, आणि स्कोपमागे उभं राहण्याचे दोन तास जास्त मिळतात. जानेवारीचा हट्ट छायाचित्रकारांनी करावा.

दिल्लीतला मोकळा दिवस सोडून किमान दहा दिवस हवेत. त्यात उद्यानातले मुक्काम पाच-सहा. चार दिवसांत 'उरकून' येण्याच्या जाहिराती दिसतात; त्यांच्या नादी लागू नका. शरीर तेवढ्यात उंचीला जुळत नाही आणि बिबट्या तर वेळापत्रक पाळतच नाही.

विमान, फोन, पैसे

हिवाळ्यात लेहला जायचा भरवशाचा मार्ग विमानाचाच. दिल्लीहून साधारण सव्वा तासाचं उड्डाण. बहुतेक उड्डाणं सकाळी असतात आणि बर्फ किंवा धुकं असेल तर रद्द होतात. त्यामुळे मुंबई-पुण्याकडचं परतीचं विमान त्याच दिवशीचं, वेगळ्या तिकिटावर कधीच काढू नका. दिल्लीत एक दिवस मोकळा ठेवा. लेहचा विमानतळ लष्कराच्या हद्दीत आहे, तिथं फोटो काढायचे नाहीत.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. रुंबकमध्ये नेटवर्कचा भरवसा धरूच नये, तेव्हा घरच्यांना आधीच 'आठवडाभर फोन नाही' असं सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी मामा-मावश्यांची शोधमोहीम सुरू होते. रोख रक्कम लेहमध्येच काढून घ्या. पुढं एटीएम नाही.

लेहमधले पहिले तीन दिवस

लेह ३,५०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानातून उतरता क्षणी तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून अधिक उंचीवर उभे असता, आणि प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश प्राणवायू असतो. सह्याद्रीत दर रविवारी गड चढणारी मंडळी इथं सर्वांत जास्त आजारी पडतात, कारण त्यांना आपल्या दमावर विश्वास असतो. दम आणि उंचीशी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज धावणाऱ्या तरुणाला त्रास होतो आणि शेजारची सत्तरीतली आजी ठणठणीत असते, असं सर्रास घडतं.

पहिला दिवस: खोलीत पडून राहा. पुस्तक वाचा, पाणी आणि सूप प्या, आंघोळ विसरा, दारूला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी बाजारात हळूहळू फिरा. तिसरा दिवस वाया न घालवण्याची एक छान युक्ती आहे: गाडीनं शेच्या बाजूला सिंधूकाठी जा. तिथं सपाट जमिनीवर, फारसं न चालता पक्षी पाहता येतात. गोट्यांच्या पात्रात राखाडी अंगाचा, लाल बाकदार चोचीचा आयबिसबिल हिवाळ्यात तिथं असतो. पाणथळ कडेला सॉलिटरी स्नाइप चिखलात चोच खुपसून डुलत उभा दिसू शकतो. सीबकथॉर्नच्या नारिंगी फळांवर पांढऱ्या डोक्याचे रेडस्टार्ट तुटून पडलेले असतात. दुर्बिणीचा हात बसतो आणि शरीरही जुळतं.

लेहमधली बरीच हॉटेलं हिवाळ्यात बंद असतात. जे उघडं असेल त्याला आधीच दोन प्रश्न विचारा: खोली गरम कशानं करता, आणि गरम पाण्याची बादली मिळेल का? नळाचे पाइप गोठलेले असतात, त्यामुळे 'चोवीस तास गरम पाणी' या पाटीला हिवाळ्यात किंमत नाही.

उंचीच्या आजाराबद्दल थोडं सविस्तर, कारण यात हलगर्जी परवडत नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही सुरुवातीची लक्षणं. ती असताना अजून वर जायचं नाही, एवढा एक नियम पाळला तर बहुतेक वेळा पुढचं टळतं. बसल्या जागी धाप लागणं, सततचा खोकला, खोकल्यातून फेस येणं म्हणजे फुफ्फुसात पाणी. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज. संशय आला तर त्या माणसाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. नाही जमलं तर वाट पाहायची नाही, लगेच खाली. अडचण अशी की रुंबक सुमारे ४,००० मीटरवर आणि लेह ३,५००वर, म्हणजे खाली उतरूनही फार फरक पडत नाही. म्हणून रात्र काढून सकाळी बघू असं न करता लेहच्या सोनम नोरबू स्मृती रुग्णालयात पोहोचणं महत्त्वाचं. तिथं असे रुग्ण रोजचे आहेत.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातलं डायमॉक्स, प्रतिबंधासाठी अनेक जण घेतात. साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर धोका आहे, शिवाय मूत्रपिंडाचा, हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी घरच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. बोटं झिणझिणतात आणि लघवीला जास्त वेळा जावं लागतं, तेव्हा घाबरू नका. झोपेच्या गोळ्या मात्र नकोत.

परवाना आणि माणसं

राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क लेहमधल्या वन्यजीव विभागामार्फत भरलं जातं. लडाखमधला प्रवासी पर्यावरण शुल्क वेगळा. नियम आणि दर बदलत असतात, त्यामुळे वाटाड्याकडूनच दोन्ही करून घेणं सोपं. ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा.

खरा पैसा कुठं घालायचा ते सांगतो: स्पॉटरवर. वाटाड्या वेगळा आणि स्पॉटर वेगळा. वाटाड्या तुमची सोय पाहतो. स्पॉटर हा रुंबक किंवा आसपासच्या गावचा माणूस, ज्यानं लहानपणी याच उतारांवर बापाची गुरं राखली आणि आता तीच नजर स्कोपला लावली आहे. दीड किलोमीटरवरच्या कड्यात झोपलेल्या बिबट्याचं शेपूट त्याला दिसतं. आपल्याला तो जागा दाखवतो, स्कोप लावून देतो, तरी आधी दगडच दिसतो. ठरवताना विचारा: स्पॉटर कोणत्या गावचा, त्याच्याकडे स्वतःचा स्कोप आहे का, गटात किती जण, एका स्कोपमागे किती डोळे. चारपेक्षा जास्त माणसं एका स्कोपवर असतील तर प्राणी दिसल्यावर रांग लागते आणि चिडचिड होते.

आणि 'शंभर टक्के दर्शन' असं लिहून देणाऱ्याकडे जाऊ नका. २०२४च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे मोजले गेले, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. आकडा चांगला वाटतो, पण लडाखचा पसारा पाहता तो प्राणी किती विरळ पसरलेला आहे ते कळतं.

सामान

सह्याद्रीतल्या हिवाळी ट्रेकचे कपडे इथं चालण्यापुरते पुरतात. प्रश्न चालण्याचा नाहीच, प्रश्न उभं राहण्याचा आहे. उणे दहात, वाऱ्यात, स्कोपमागे तीन तास.

अंगाला लोकरीचं किंवा चांगलं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जाड डाउन (पिसांचं) जॅकेट, सगळ्यांवर वारा अडवणारा थर. चालताना डाउन काढून पिशवीत टाका, कारण घाम आला की थांबल्यावर तोच गोठवतो. पायात आतून उबदार, दोन मोजे घालून सैल बसतील असे बूट. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात, मग कितीही महागडे मोजे असोत. हातात पातळ हातमोजे आणि वर जाड मिटन (चार बोटं एकत्र राहणारा हातमोजा), म्हणजे कॅमेरा हाताळताना मिटन काढलं तरी कातडी उघडी पडत नाही. कानटोपी, मफलर, चांगला गॉगल. बर्फावरच्या उन्हानं डोळे भाजतात आणि ते संध्याकाळी कळतं. ओठांना लावायचं मलम खिशात, बॅगेत नव्हे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे फोमच्या मॅटचे दोन तुकडे. एक बसायला, एक पायाखाली. गोठलेल्या जमिनीतून चढणारी थंडी त्यानं बरीच अडते. दुसरी वस्तू म्हणजे थर्मास. पाण्याची बाटली रुंद तोंडाची घ्या आणि उलटी ठेवा: बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, त्यामुळे बाटली सुलटी केली की तोंडाशी पाणीच असतं. रात्री त्याच बाटलीत गरम पाणी भरून झोपायच्या पिशवीत पायांशी घ्यायचं.

ओढे गोठलेले असतात, म्हणून बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स (बारीक खिळ्यांची पट्टी) आणि चालायची काठी हवीच. काठी गावाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांसाठीही कामाला येते. लडाखमध्ये मोकाट कुत्र्यांनी वन्यप्राण्यांना मोठा उपद्रव मांडला आहे, तेव्हा दया येऊन त्यांना बिस्किटं घालू नका.

खाऊ नेताना चॉकलेटं कमी न्या, थंडीत दात लागत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की, तिळाचे लाडू, सुकामेवा, भाजलेले चणे उत्तम. मेतकुटाची पुडी न्या. उंचीवर भूक मरते तेव्हा गरम भातावर मेतकूट-तूप जेवढं उतरतं तेवढं दुसरं काही उतरत नाही.

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. कॅमेऱ्याला ५०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स असली तरी बहुतेक वेळा प्राणी ठिपक्याएवढाच येणार, हे मनाशी पक्कं करा. बॅटऱ्या थंडीत झपाट्यानं उतरतात. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, रात्री पांघरुणात. कॅमेरा गारठ्यातून एकदम उबदार खोलीत आणला की आतबाहेर दंव धरतं. बाहेर असतानाच तो पिशवीत घालून बंद करा आणि खोलीत तासभर उघडू नका. तेवढ्या वेळात मेमरी कार्ड पाहायचा मोह होतो, म्हणून कार्ड आधीच काढून खिशात घ्या.

झिंगचेनमधून आत

लेहहून झिंगचेनपर्यंत गाडीनं तासाभराचा रस्ता. गाडी पुढं कुठवर जाते ते बर्फावर आणि रस्त्याच्या कामावर अवलंबून असतं, लेहमध्ये आदल्या दिवशी विचारा. सामान घोड्यांवर किंवा गाढवांवर जातं, तुम्ही पाठीवर फक्त दिवसाची पिशवी घ्या. घळ अरुंद आहे, दोन्हीकडे उभे कडे, तळाशी गोठलेला ओढा जो पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. ही वाट 'पोहोचण्यासाठी' चालू नका. खालच्या अंगाला, झिंगचेनच्या आसपासच्या मोकळ्या उतारांवर शापू, म्हणजे लडाखी युरियल मेंढ्या दिसतात; लांब तपकिरी अंग, नराच्या गळ्याखाली काळी झालर. वर गेल्यावर त्यांची जागा भरल घेतात. ओढ्यात जिथं पाणी उघडं असेल तिथं कड्यावर फुलपाखरासारखा फडफडणारा वॉलक्रीपर पक्षी शोधा.

रुंबक हे मोजक्या घरांचं गाव. युरुत्से त्याहून वर, गंडा ला खिंडीच्या वाटेवर, तिथं एकच घर. शरीर साथ देत असेल तरच युरुत्सेकडे वर जा.

कोणाच्या घरात राहताय

तंबूपेक्षा होमस्टे निवडा. उबेपेक्षा मोठं कारण आहे. पूर्वी हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या गोठ्यात शिरला की घाबरलेल्या कळपात एकापाठोपाठ एक जनावरं मारायचा. एका रात्रीत घरची वर्षाची कमाई जायची आणि गावकरी त्याला मारायचे. रिंचेन वांगचुक यांनी स्थापन केलेल्या स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी इंडिया ट्रस्टनं या भागात दोन कामं केली: गोठ्यांना वरून जाळी बसवून ते बंदिस्त केले, आणि 'हिमालयन होमस्टे' उभे केले. पाहुण्यांच्या पैशातला दहा टक्के वाटा गावाच्या संवर्धन निधीत जातो. ज्या प्राण्यानं मेंढ्या खाल्ल्या त्याच प्राण्यामुळे घरात पैसा यायला लागला. बाहेरून स्वयंपाकी, तंबू आणि भाजी घेऊन येणारी सहल या साखळीला वळसा घालून जाते.

पाहुणे घराघरांत पाळीनं दिले जातात, तेव्हा 'मला तेच घर हवं' असा हट्ट धरू नका. घरात शिरताना 'जुले' म्हणा, नमस्कार, आभार आणि निरोप सगळं त्यात येतं. घरातल्या ज्येष्ठ बाईंना आमा-ले म्हणा, काकांना आजांग-ले. बसायची जागा स्वयंपाकघरात बुखारीभोवती, म्हणजे शेगडीभोवती, कारण घरातली उबदार खोली तेवढीच. झोपायच्या खोल्या थंडगार. जेवायला भात-डाळ-भाजी असतेच, पण थुक्पा (शेवयांचं सूप), वाफवलेला टिमोक पाव आणि स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा) मागून खा. लोण्या-मिठाचा गुरगुर चहा पहिल्या घोटाला चहा म्हणून पिऊ नका, सूप समजून प्या, मग आवडतो.

शौचालय कोरडं असतं: लाकडी-मातीच्या जमिनीत भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. झाल्यावर माती टाकायची. हेच पुढं शेताला खत होतं, म्हणून पाणी ओतू नका आणि प्लास्टिक, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड त्यात टाकू नका. ते पिशवीत बांधून लेहला परत न्या.

डोंगर वाचायचा कसा

आता खरं काम. सकाळी उजाडायच्या आधी बाहेर पडा. हिमबिबट्या पहाटे आणि संध्याकाळी हालतो, मधल्या वेळात कड्याच्या आडोशाला झोपतो. हालणारा प्राणी शोधायचा वेळ म्हणजे पहिले दोन आणि शेवटचे दोन तास. भर दुपारी झोपलेला शोधायचा असतो, आणि ते दगड मोजण्याइतकं कंटाळवाणं काम आहे.

पद्धत अशी. आधी आकाशरेषा पाहा. कड्याच्या धारेवरून चालणारा प्राणी उठून दिसतो, आणि बिबट्याला धारेवरून चालायची सवयच आहे. मग धारेच्या खालचे सुळके, मग सुळक्यांच्या पायथ्याची कपार, मग मोकळा उतार. डोंगराचे आडवे पट्टे मनाशी पाडा आणि एकेक पट्टा दुर्बिणीनं सावकाश संपवा. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. 'इथं बघून झालं' असं काही नसतं. दहा मिनिटांपूर्वीचा दगड उठून चालू लागतो.

भरल सापडले की त्यांना सोडू नका. निळसर राखाडी अंग, पायांवर काळे पट्टे, नराची शिंगं बाहेर वळलेली. कळप निवांत चरतोय, पिल्लं बागडतायत, काही जण बसून रवंथ करतायत, म्हणजे आसपास काही नाही. सगळे एकदम थांबले, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, तुटक कर्कश शिटीसारखा आवाज आला, तर तुम्ही भरल पाहणं थांबवा आणि ते जिकडे पाहतायत तो उतार स्कोपमध्ये घ्या. कळप मोकळ्या उतारावरून कड्यांकडे सुसाट पळाला तर लांडग्याचीही शक्यता धरा, कारण कडा हा लांडग्यापासून बचाव आहे. बिबट्या तर कड्यातच दबा धरून असतो, त्याच्यासमोर तो बचाव चालत नाही. भरल जिकडे टक लावून पाहतात तिथं बहुतेकदा सुरुवातीला आपल्याला काहीच दिसत नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवा, आपल्या डोळ्यांवर नको.

दुसरी खबर आकाशातून येते. डोमकावळे आणि मॅगपाय एका जागी गोंगाट करत उठबस करतायत, लॅमरगायर (दाढीवालं गिधाड) त्याच कड्यावर पुन्हा पुन्हा घिरट्या घालतोय, तर तिथं शिकार पडलेली असू शकते. हिमबिबट्या आपल्या शिकारीवर तीन-चार दिवस, कधी त्याहूनही जास्त राहतो. शिकार सापडणं म्हणजे सहलीचं नशीब उघडणं. मग दुसरीकडे भटकायचं नाही, लांबून तिथंच ठाण मांडायचं.

तिसरी खबर पायाखाली. बर्फावर रुंद, गोल, नखांचा ठसा नसलेली पावलं हिमबिबट्याची. नखं उमटलेली, लांबट असतील तर लांडगा किंवा कुत्रा. जवळजवळ अंगाएवढं लांब शेपूट मऊ बर्फावर कधी कधी रेघ ओढून जातं. पुढं झुकलेल्या खडकाच्या पायथ्याशी, घळीच्या तोंडाशी मागच्या पायांनी उकरलेले छोटे खळगे आणि खडकावर उग्र वास असेल तर ती त्याच्या वाटेवरची खूण आहे. हात लावू नका, वर चढून माग काढू नका. स्पॉटरला सांगा, ती धार कुठून नीट दिसेल ते तो ठरवेल.

'शान' असं कानावर पडल्यावर

लडाखीत हिमबिबट्याला शान म्हणतात. स्पॉटरच्या तोंडून हा शब्द आला की धावायचं नाही. या उंचीवर पन्नास पावलं धावलं तरी डोळ्यांपुढं काजवे चमकतात, आणि धापा टाकणाऱ्या माणसाला स्कोपमध्ये काहीच नीट दिसत नाही. पाळी आल्यावर आधी नुसतं पाहा. पहिलं मिनिट फोनच्या कॅमेऱ्यासाठी स्कोप अडवून ठेवणारा माणूस गटात सगळ्यांचा शत्रू होतो.

अंतर कमी करायचा निर्णय फक्त स्पॉटरचा. प्राण्याच्या वरच्या बाजूला जायचं नाही, शिकारीपर्यंत जायचं नाही, त्याची परतीची वाट अडवायची नाही. ड्रोन नाही, ध्वनिफीत वाजवणं नाही, रात्री झोतदिवे नाहीत. फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका.

आणि पाच दिवसांत नाहीच दिसला तर? सोनेरी गरुड भरलांच्या पिल्लांवर झेप घेताना, लाल कोल्हा गोठलेल्या ओढ्यावर कान टवकारून उंदरांचा कानोसा घेताना, हिमालयन स्नोकॉकची शीळ पहाटे अख्ख्या घळीत भरून राहिलेली, चकोरांचे थवे, लोकरी ससा, हे सगळं याच डोंगरावर आहे. आणखी प्रयत्न करायचाच असेल तर सहलीचे शेवटचे दोन दिवस सिंधूच्या उत्तरेकडच्या उले गावाला द्या. ते उद्यानाबाहेर आहे, तिथं भरलांऐवजी आयबेक्स, म्हणजे जंगली बोकड, आहेत आणि गाडी जवळ जाते. पण हमी तिथंही नाही.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

जून ते सप्टेंबरमध्ये बिबट्या विसरा, मारखा खोऱ्याचा ट्रेक करा. चिलिंगहून स्क्यू, मारखा, हंकर, निमालिंग आणि पाच हजार मीटरवरच्या कोंगमारू ला खिंडीतून बाहेर. वाटेवर होमस्टे, पॅराशूटच्या कापडाच्या चहाच्या टपऱ्या, निमालिंगच्या कुरणात मार्मोट (बिळात राहणारा जाडजूड खारीच्या कुळातला प्राणी) आणि समोर कांग यात्सेचं शिखर. नद्या सकाळी लवकर ओलांडा, दुपारी वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं. निमालिंग ४,८०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा तिथं पोहोचेपर्यंत घाई नको.

हिवाळी सहलीची मांडणी

दिवस १ ते ३ लेह, वर सांगितल्याप्रमाणे. चौथ्या दिवशी सकाळी उशिरा निघून झिंगचेनमार्गे रुंबक, संध्याकाळी गावाबाहेर न जाता विश्रांती. पाचवा ते आठवा दिवस रुंबकच्या भोवतालच्या घळी. स्पॉटर रोज सकाळी कुठली घळ ते ठरवेल, त्यात मध्ये पडू नका. तब्येत चांगली असेल तर सातवा दिवस युरुत्सेच्या बाजूला, पण झोपायला रुंबकलाच परत या. नववा दिवस लेहला परत आणि दहावा विमानाचा. यात दिल्लीतला मोकळा दिवस धरलेला नाही, तो वेगळा ठेवा. परतीच्या सकाळी विमानतळावर उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचा. तिथं हातातल्या सामानाची तपासणी कडक असते, तेव्हा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांबाबत विमान कंपनीचे त्या वेळचे नियम आदल्या रात्रीच पाहून ठेवा, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.